बांध असू द्या, वाट ठेवा

सुपरमॅन आणि स्पायडरमॅन एका चित्रपटात कधी येणार, हा प्रश्न निघाला की लगेच दोन तट पडतात आणि दोन्हीकडून ठरलेलीच वाक्यं ऐकू येतात. एक तट म्हणतो, स्टुडिओंच्या हावरटपणामुळे आपण एका मोठ्या आनंदाला मुकलो. लहान मुलं दोन बाहुले हातात घेऊन जे पाच मिनिटांत करतात, ते या कंपन्यांच्या वकिलांना इतक्या वर्षांत जमलेलं नाही. दुसरा म्हणतो, ज्याचा माल त्याची मर्जी. वॉर्नर स्टुडिओने आपला सुपरमॅन डिस्नीच्या मार्व्हल कंपनीच्या स्पायडरमॅनशेजारी का म्हणून उभा करावा? ऐकताना वाटतं, भांडण सातबाऱ्यावरच्या नावाचं चाललंय. शेतात काय पिकतं याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. मालक कोण आणि गल्ला किती, इथेच गाडी अडते. गोष्टीचं काय होईल? मला तेच विचारायचं आहे, आणि माझं उत्तर मी आधीच सांगून टाकतो. प्रतिस्पर्धी स्टुडिओंच्या सुपरहिरोंनी एकमेकांना जरूर भेटावं, त्यासाठी करारमदार सोपे व्हावेत. पण त्या सगळ्यांचं मिळून कायमचं एकच विश्व करू नये. तसं केलं तर ज्या भेटीसाठी आपण जीव टाकतो, त्या भेटीतच काही राम उरणार नाही.

एकाच विश्वाची मागणी करणाऱ्यांची बाजू लेचीपेची नाही. आज पडद्यावर ज्या भिंती दिसतात त्या कुणा लेखकाने किंवा चित्रकाराने विचार करून घातलेल्या नाहीत. मार्व्हल कंपनी १९९६ च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत निघाली, आणि त्याच्या आगेमागे अडचणीतल्या घरातून दागिने बाहेर जावेत तसे तिच्या पात्रांचे चित्रपटहक्क बाहेर गेले. एक्स-मेन फॉक्सकडे, स्पायडरमॅन सोनीकडे, फॅन्टॅस्टिक फोर तर त्याच्याही कितीतरी आधी एका जर्मन निर्मात्याकडे. कॉमिक्सच्या पानांवर जी माणसं एकाच न्यूयॉर्कमध्ये राहत होती, ती पडद्यावर एकमेकांना अनोळखी झाली. क्विकसिल्व्हर हे पात्र घ्या. २०१४ च्या फॉक्सच्या एक्स-मेन चित्रपटात तो आहे आणि २०१५ च्या मार्व्हलच्या अ‍ॅव्हेंजर्स चित्रपटातही आहे. नट वेगळा, जन्मकथा वेगळी. मार्व्हलच्या चित्रपटाला 'म्युटंट' (जन्मतःच शक्ती असलेला माणूस) हा शब्द उच्चारायचीही सोय नव्हती, म्हणून त्याची आणि त्याच्या बहिणीची शक्ती एका प्रयोगातून आली असं सांगावं लागलं. एखाद्या पात्राची जन्मखूण करारातल्या कलमाने पुसून टाकावी, याचं समर्थन कसं करणार? त्याहून वाईट म्हणजे केवळ हक्क हातचे जाऊ नयेत म्हणून काढलेले चित्रपट. मुदतीत चित्रीकरण सुरू झालं नाही तर हक्क जाणार, या धास्तीने १९९४ चा फॅन्टॅस्टिक फोर तुटपुंज्या पैशात उरकला गेला आणि तो चित्रपटगृहापर्यंत पोचलाच नाही. त्यात मन लावून काम करणाऱ्या नटांच्या वाट्याला काय आलं? मी विरुद्ध तटावर असतो तर माझ्या युक्तिवादाची सुरुवात इथूनच केली असती.

पण या उदाहरणांतून सिद्ध काय होतं? मुदतीची अट वाईट, एका शब्दावर मालकी सांगणं वाईट, हे होतं. वेगळेपणच वाईट, हे होत नाही. त्याच क्विकसिल्व्हरकडे पुन्हा बघा. फॉक्सच्या चित्रपटात पेंटागॉनच्या स्वयंपाकघरात पहारेकरी गोळ्या झाडतात आणि काळ जवळजवळ थांबतो. हा पोरगा कानाला हेडफोन लावून भिंतीवरून धावतो, हवेतल्या गोळ्यांची दिशा बोटाने बदलतो, उडालेल्या सूपची जाता जाता चव घेतो. ज्यांनी ते दृश्य पाहिलंय ते विसरलेले नाहीत. दुसऱ्या घरच्या क्विकसिल्व्हरने पुढच्याच वर्षी एका लहान मुलाला वाचवताना प्राण दिले. दोन घरांनी एकाच मातीतून दोन वेगळी माणसं घडवली आणि एकाने दुसऱ्याचं काही बिघडवलं नाही. पुढे दोन्ही घरं एक झाली. २०२१ च्या मार्व्हलच्या मालिकेत बहीण दार उघडते आणि समोर फॉक्सचा तो नट भाऊ म्हणून उभा. क्षणभर श्वास रोखला गेला. आणि मग कळलं की हा भाऊबिऊ कुणी नाही, त्या गावातला एक साधा माणूस आहे. भिंत पडली आणि पलीकडे गोष्टच नव्हती.

भिंतींनी काय दिलं, याचा हिशेब कुणी मांडत नाही. मार्व्हलने स्वतः चित्रपट काढायचं ठरवलं तेव्हा तिचे सगळ्यात लाडके नायक दुसऱ्यांच्या ताब्यात होते. २००५ साली तिने साडेबावन्न कोटी डॉलरचं कर्ज उभं केलं आणि तारण म्हणून उरलेल्यांपैकी दहा पात्रांचे चित्रपटहक्क ठेवले. मग २००८ मध्ये आला आयर्नमॅन, म्हणजे टोनी स्टार्क. कॉमिक्स न वाचणाऱ्यांपैकी किती जणांना तोवर टोनी स्टार्क ठाऊक होता? स्पायडरमॅन हाताशी असता तर या दारू पिणाऱ्या, शस्त्रं विकणाऱ्या माणसाकडे कुणी पहिल्या चित्रपटासाठी वळलं असतं का? पुढे २०१४ मध्ये एक बोलणारा रॅकून आणि एक चालतं झाड घेऊन चित्रपट निघाला, तोही याच नड असण्यातून. आज ज्या विश्वात सगळ्यांना कोंबावं असं म्हणतात, ते विश्वच मुळात सगळे हाताशी नसल्यामुळे जन्माला आलं.

आता मुख्य मुद्दा. विश्व म्हणजे एका छताखाली जमलेली गर्दी असं आपण धरून चालतो. गोष्टीत विश्व म्हणजे नियम. इथे काय शक्य आहे, काय अशक्य आहे, आणि संकट आलं तर हाक मारायला कोण आहे, हे ठरलं की गोष्टीचं विश्व उभं राहतं. २००४ च्या स्पायडरमॅनमधली ती रेल्वे आठवा. ब्रेक निकामी झालेली गाडी उंच पुलावरून सुसाट चालली आहे, पुढे रूळ संपतात. पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, गाडीच्या तोंडाशी उभा राहून दोन्ही बाजूंच्या इमारतींवर जाळी टाकतो आणि ती स्वतःच्या हातांनी ओढून धरतो. चेहऱ्यावर मुखवटा नाही, पोशाख फाटतोय, दंडाच्या शिरा ताणल्यात. गाडी थांबते, आणि तो खाली कोसळणार तोच मागून प्रवाशांचे हात येऊन त्याला धरतात. मग त्याला हातांवर झेलत, एकाकडून दुसऱ्याकडे देत, ते आत नेतात आणि खाली निजवतात. कुणीतरी म्हणतं, हा तर माझ्या मुलाएवढा पोर आहे. दोन लहान मुलं त्याचा मुखवटा परत आणून देतात, आम्ही कुणाला सांगणार नाही म्हणतात. त्या शहरात दुसरं कुणीच नव्हतं, म्हणून हे दृश्य काळजाला हात घालतं. त्याच आकाशात सुपरमॅन उडत असेल तर? मग पीटरच्या ताणलेल्या शिरांना अर्थ उरत नाही. पाहणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न घुमतो की तो दुसरा कुठे आहे. त्याला दुसऱ्या कामात गुंतवायला लेखकाला एक बहाणा शोधावा लागतो, आणि दर चित्रपटागणिक नवा बहाणा शोधता शोधता लेखक थकतो.

यावर कुणी म्हणेल, कॉमिक्समध्ये तर सगळे पहिल्यापासून एकत्रच आहेत. खरं आहे. १९६३ साली स्पायडरमॅनच्या स्वतंत्र मासिकाच्या पहिल्याच अंकात तो फॅन्टॅस्टिक फोरच्या घरात शिरतो. त्याला त्यांच्या चमूत जायचं असतं, कारण घरात पैशांची चणचण आहे आणि तिथे पगार मिळेल असं त्याला वाटतं. पगारबिगार काही नाही हे कळल्यावर तो तडक निघून जातो. शेजार आहे, पण घरभाडं त्याचं त्यालाच भरायचंय. या मासिकांच्या कर्त्यांना एकत्र विश्वाची मौज कळत होती आणि पीटरला एकटं ठेवण्याची गरजही कळत होती. शिवाय मासिक महिन्याला निघतं. एखादी भेट जमली नाही तर पुढच्या महिन्यात विसरता येते. तीन वर्षांनी येणाऱ्या, वीस-पंचवीस कोटी डॉलर खर्चाच्या चित्रपटाला तशी मुभा नसते.

भेट कशी असावी याचा धडा मला वनपर्वात सापडतो. द्रौपदीसाठी सौगंधिक कमळं आणायला निघालेल्या भीमाच्या वाटेत एक म्हातारं वानर शेपूट पसरून पडलेलं असतं. भीम आधी डाव्या हाताने, मग दोन्ही हातांनी ती शेपटी उचलायला बघतो आणि घामाघूम होतो. मग ओळख पटते: दोघंही वायूचे पुत्र, भाऊ. भीम हट्ट धरतो, समुद्र ओलांडतानाचं ते रूप मला दाखव. हनुमान आधी नाही म्हणतो. तो काळ वेगळा होता, युगागणिक सगळं बदलतं, असं समजावतो. मगच ते रूप दाखवतो. आणि निरोप घेताना काय वचन देतो? अर्जुनाच्या ध्वजावर बसून गर्जना करेन. युद्ध करेन असं म्हणत नाही. व्यासांनी हनुमानाला कुरुक्षेत्रावर उतरवलं असतं तर अभिमन्यू चक्रव्यूहात मरताना आपण काय विचारलं असतं? एका कथेतला महावीर दुसऱ्या कथेत येतो, तिच्या नायकाचा गर्व उतरवतो, त्याला छातीशी धरतो आणि त्याची लढाई त्यालाच लढू देतो. दोन युगांमधलं अंतर शाबूत आहे म्हणून भीमाच्या अंगावर काटा येतो, आणि आपल्याही.

माझ्या विरुद्ध सगळ्यात मोठा पुरावा म्हणून २०२१ चा तिसरा स्पायडरमॅन पुढे केला जाईल. सोनीचा नायक, मार्व्हलचं विश्व, तीन पिढ्यांचे तीन पीटर एका पडद्यावर, आणि जगभरात १.९ अब्ज डॉलरची कमाई. मीही त्या अंधारात टाळ्या वाजवल्या आणि त्याबद्दल मला जराही संकोच नाही. पण टाळ्या कशाला पडल्या ते नीट पाहू. आताच्या पीटरची प्रेयसी एम.जे. उंचावरून पडते, तिला दुसरा पीटर झेलतो आणि त्याचे डोळे भरून येतात, कारण २०१४ च्या त्याच्या स्वतःच्या चित्रपटात तो आपल्या प्रेयसीला, ग्वेनला, वाचवू शकला नव्हता. ते दुःख त्याने एकट्याने, आपल्या वेगळ्या जगात, सात वर्षं वागवलं होतं. तिन्ही पीटर पहिल्यापासून एकाच जगात राहत असते तर या क्षणात भरायला काय होतं? तो चित्रपट वेगळ्या राहिलेल्या वीस वर्षांच्या साठ्यावर उभा होता. भेटीने तो साठा एकदा वापरला, चांगल्या कामी वापरला. रोज त्यातूनच काढत राहिलो तर किती दिवस पुरेल?

किती पुरतो ते पुढे दिसलंच. फॉक्सने २०१७ मध्ये एक्स-मेनमधल्या वुल्व्हरीनचा, म्हणजे लोगनचा, शेवट केला. थकलेला, जखमा भरून न येणारा लोगन एका लहान मुलीसाठी मरतो. ती त्याच्या थडग्यावरचा क्रूस उपटते आणि आडवा कलवून त्याचा 'एक्स' करून ठेवते. मला त्या शैलीतला याहून सुंदर निरोप आठवत नाही. हा चित्रपट फॉक्सच्या कुंपणात होता म्हणून झाला. पुढच्या दहा चित्रपटांत लोगन लागणार आहे, असं सांगणारं कुणी वर बसलेलं नव्हतं. २०२४ मध्ये, विश्वं एक झाल्यावर, डेडपूलच्या चित्रपटाची सुरुवातच ते थडगं उकरण्याने झाली आणि त्या हाडांनी मारामारी झाली. चित्रपटाने १.३ अब्ज डॉलरच्या वर कमावले, लोक पोट धरून हसले, दुसऱ्या जगातून दुसरा वुल्व्हरीनही आला. मला मात्र त्या मुलीने कलवलेला क्रूस आठवत राहिला. जिथे सगळी दारं कायम उघडी असतात तिथे कुणाला मरताही येत नाही.

आणि हे तरी एका मालकाच्या छपराखालचं. मालक खरोखर दोन असतील तर काय होतं? १९८८ च्या रॉजर रॅबिट या चित्रपटात डिस्नीचा मिकी आणि वॉर्नरचा बग्ज बनी एकत्र दिसले, ते दोघांना पडद्यावर सारखाच वेळ मिळेल या अटीवर. १९७६ मध्ये सुपरमॅन आणि स्पायडरमॅन एका मोठ्या आकाराच्या कॉमिकमध्ये लढले. कुणीच कुणाला निर्णायक हरवलं नाही, मग दोघांनी मिळून लेक्स लूथर आणि डॉक्टर ऑक्टोपस या आपापल्या खलनायकांना आवरलं. दोन मालकांच्या गोष्टीत तराजू कायम समतोल ठेवावा लागतो. एका संध्याकाळच्या भेटीत ते खपून जातं, गोडही वाटतं. पण ज्या विश्वात कोणत्याही बदलाला दोघांची सही लागते, तिथे कुणी हरणार नाही, बदलणार नाही, गमावणार नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात स्पायडरमॅनचं गुपित जगापुढे फुटलं आणि चित्रपट संपला. पुढच्याच महिन्यात सोनी आणि डिस्नीची बोलणी फिसकटली. काही आठवडे पीटर पार्करचं पुढचं आयुष्य दोन कंपन्यांच्या टक्केवारीवर लटकून होतं. ते जुळलं हे आपलं नशीब. डझनभर नायक आणि तीन-चार स्टुडिओ असते तर?

मग सगळं एकानेच घ्यावं, हा पर्याय काहीजण अगदी सहज सुचवतात. डिस्नीने २००९ मध्ये सुमारे ४ अब्ज डॉलरला मार्व्हल घेतली, २०१९ मध्ये ७१ अब्जांना फॉक्सचा मोठा हिस्सा. याला विश्व वाटून घेणं म्हणत नाहीत, गिळणं म्हणतात. एक्स-मेन घरी आले म्हणून चाहत्यांनी आनंद केला. त्या आनंदात चित्रपट काढणारं एक जुनं, स्वतंत्र घर संपलं याची खंत फार थोड्यांनी केली. दोन नायक एका चौकटीत दिसावेत म्हणून हॉलिवूडमधली दारं एकेक करून बंद होऊ द्यायची का? लेखकाने एका दारात नकार ऐकला तर ठोठवायला दुसरं दार असावं, हे दोन नायकांच्या हस्तांदोलनापेक्षा मला मोठं वाटतं. आणि गंमत बघा, इतकं सगळं एकत्र केल्यावर २०२५ मध्ये मार्व्हलने फॅन्टॅस्टिक फोर कसे आणले? त्यांच्यासाठी साठच्या दशकासारखी दिसणारी एक वेगळी पृथ्वी उभी केली, जिथे त्यांच्याखेरीज दुसरा कुणी सुपरहिरो नाही. ज्यांनी भिंती पाडल्या त्यांनाच या चौघांना श्वास घ्यायला पुन्हा एक भिंत घालावी लागली.

म्हणून बांध असू द्या; पण त्यातून वाट हवी, आणि आज ती फार अरुंद आहे हे मी विरुद्ध तटाइतक्याच तळमळीने म्हणतो. डीसी (सुपरमॅनची कॉमिक्स काढणारी कंपनी) आणि मार्व्हलच्या मोठ्या चमूंची एकत्र कथा १९८३ साठी ठरली होती. जॉर्ज पेरेझ चित्रं काढायला बसलाही होता. कथानकावरून दोन कार्यालयांत बिनसलं आणि ते बाड पडून राहिलं. त्याच पेरेझच्या हातून ती गोष्ट २००३ मध्ये आली. एका चित्रकाराच्या उमेदीची वीस वर्षं. तो अखेरच्या आजारात असताना, २०२२ मध्ये, दोन्ही कंपन्यांनी त्या पुस्तकाच्या ७,००० प्रती पुन्हा छापू दिल्या, गरजू कॉमिक्स-कलावंतांना मदत करणाऱ्या संस्थेसाठी. सात हजारच का? या कंजूषपणाला गोष्टीच्या भल्याचं कोणतंही कारण नाही. एका चित्रपटापुरतं पात्र उसनं देण्याचे सुटसुटीत करार व्हावेत, हक्क टिकवायला चित्रपट उरकण्याची अट जावी, एखाद्या साध्या शब्दावर कुणाची मालकी नसावी. मग एक पाहुणा येईल, जेवेल, दोन शब्द बोलेल आणि आपल्या घरी जाईल.

मालकीची सबबही फार काळ टिकणार नाही. सुपरमॅनची पहिली गोष्ट १९३८ ची. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी तिच्यासह त्या पात्राचे हक्क १३० डॉलरला देऊन टाकले आणि पुढचं आयुष्य त्यासाठी भांडण्यात घालवलं. अमेरिकी कायद्याप्रमाणे १ जानेवारी २०३४ पासून त्या पहिल्या अंकातला सुपरमॅन सर्वांचा होईल. बॅटमॅन त्याच्या पुढच्या वर्षी, स्पायडरमॅनला २०५८ उजाडेल. तेव्हा कुणीही कुणालाही कुठेही नेऊ शकेल. अडवायला वकील फारसे नसतील, नाही म्हणायचं असेल तर लिहिणाऱ्यानेच म्हणावं लागेल. आज शाळेत असलेली एखादी मुलगी तेव्हा तो चित्रपट लिहील. तिला सुपरमॅनला त्या रेल्वेच्या दृश्यात आणावंसं वाटलं तर जरूर आणावं. फक्त गाडी त्याला थांबवू देऊ नये. साध्या कपड्यांतला क्लार्क केंट, म्हणजे सुपरमॅनच, डब्यात इतर प्रवाशांबरोबर उभा असावा, आणि पीटर कोसळतो तेव्हा त्याला झेलणाऱ्या हातांत दोन हात त्याचेही असावेत.